टीव्ही झाकायचा, पण शिसवी कपाट कापायचं नाही

पत्र:

«आमचं घर फोंडा तालुक्यातलं, चिऱ्याचं, कौलारू, शंभरी गाठलेलं. मधल्या हॉलच्या देवघराकडच्या भिंतीशी चवथीला आमचा गणपती बसतो, वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात. मुलगा बंगळुरूला असतो. गेल्या दिवाळीत त्यानं आजीसाठी 55 इंची टीव्ही आणला आणि तो त्याच भिंतीशी एका टेबलावर उभा आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. संध्याकाळच्या मालिका आणि दुपारची कीर्तनं हाच त्यांचा विरंगुळा, त्यामुळे टीव्ही हवाच. पण उरलेला दिवसभर तो मोठा काळा आरसा डोळ्यांसमोर नको वाटतो. आमचे सुतार, मेस्त, म्हणतात, आजेसासूबाईंचं शिसवी कपाट आहे त्याची पाठ कापून टीव्ही आत बसवू, म्हणजे दारं लावली की झाकला. कपाट आतून साडेतीन फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल आहे. मुलगा म्हणतो, मोटारवर खालीवर होणारं युनिट घेऊ. राजांगणाकडच्या, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणाकडच्या बाजूला दोन खिडक्यांच्या मध्ये 5 फूट 2 इंचांची भिंत मोकळी आहे, तिथून सासूबाईंची आरामखुर्ची नऊ फुटांवर येते. पण तिथं खिडक्यांचा उजेड येतो. काय करू?»

— एक वाचक, फोंडा तालुका

ताई,

सगळ्यात आधी मेस्तांना फोन करा आणि कपाटाला हात लावू नका म्हणून सांगा. बाकीचं पत्र नंतर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही मापं दिलीत हे फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर मापांतच आहे. टीव्हीचे 55 इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. प्रत्यक्ष रुंदी साधारण साडेअठ्ठेचाळीस इंच, म्हणजे चार फुटांहून थोडी जास्त, आणि उंची अठ्ठावीस इंचांच्या आसपास. तुमचं कपाट आतून बेचाळीस इंच. टीव्ही त्यात मावतच नाही. पाठ कापली तरी मावणार नाही, बाजू कापाव्या लागतील आणि मग कपाट म्हणण्यासारखं काही उरणार नाही. त्यात जेमतेम 43 इंची टीव्ही बसला असता, त्याची रुंदी अडतीस इंच असते. पण तसा टीव्ही तुमच्याकडे असता तरीही मी नकोच म्हटलं असतं.

त्याची कारणं सांगते. जुन्या कपाटाची पाठ ही नुसती मागची फळी नसते, ती सगळा सांगाडा काटकोनात धरून ठेवते. ती काढली की वर्षभरात दारं खाली उतरतात, कुलूप लागेनासं होतं. शिवाय पावणेदोन फूट खोल कपाटात टीव्ही मागे बसवला तर तो विहिरीत ठेवल्यासारखा दिसतो, समोर बसलेल्यालाच काय तो पूर्ण दिसणार. पुढे ओढून बसवला तर उघडी दारं दोन्ही बाजूंनी जवळजवळ दोन-दोन फूट बाहेर येतात आणि बाजूला बसलेल्यांचं चित्र अर्धं कापतात. ही दारं पूर्ण मागे वळवायची म्हटली तर जुन्या कपाटांची वरची कोरीव पट्टी आणि बाजूचे खांब आड येतात. आणि शिसव आता मिळतं कुठे? 2017 पासून या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, गोव्यातल्या जुन्या घरांमधलं शिसवी सामान विकत घ्यायला लोक दुरून येतात. आजेसासूबाईंचं कपाट त्यांच्या हयातीत जसं होतं तसं राहू द्या. त्यात चादरी ठेवा, चवथीचं सामान ठेवा, आरतीला वाजवायची घुमटं ठेवा.

आता मोटारचं युनिट. मुलाची हौस मला समजते, आणि कोरड्या हवेच्या, वातानुकूलित फ्लॅटमध्ये ते छान चालतंही. तुमच्या घरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीचिंब असते, वीज जाते-येते, आणि अशा युनिटचा जीव एका मोटारीत आणि दोन सरकपट्ट्यांत असतो. टीव्ही अर्धा वर आलेला असताना वीज गेली किंवा पट्टीला गंज धरला तर सासूबाई काय करतील? दुरुस्तीला माणूस पणजीहून किंवा त्याहून लांबून यायचा. ज्या वस्तूवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची संध्याकाळ अवलंबून आहे, ती हातानं उघडता आली पाहिजे. मुलाला माझ्या वतीनं एवढंच सांगा.

मग टीव्ही ठेवायचा कुठे? माझं मत स्पष्ट आहे: गणपतीच्या भिंतीवर नको. तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण तुमची खरी बोच तीच आहे असं मला वाटतं. त्या भिंतीशी कितीही सुंदर कपाट केलंत तरी चवथीला ते अडचणच होईल. मखर त्याच्यापुढे आणावं लागेल, माटोळीची चौकट पुढे सरकेल, समयांची धग आणि काजळी कपाटाच्या दारांना लागेल. दीड दिवसाचा गणपती असो की अकरा दिवसांचा, त्या भिंतीला त्या दिवसांत दुसरं काही काम असू नये. राजांगणाकडची 5 फूट 2 इंचांची भिंत हीच टीव्हीची जागा. नऊ फुटांचं अंतरही 55 इंचांना योग्य आहे, सात ते नऊ फुटांत हा टीव्ही डोळ्यांना त्रास न देता दिसतो.

उजेडाची अडचण खरी आहे. दोन्ही बाजूंना उजळ खिडक्या आणि मध्ये चित्र, असं असलं की दुपारी डोळे लवकर थकतात. संध्याकाळच्या मालिकांना हा प्रश्न येत नाही, कीर्तनांना येतो. म्हणून झाकण्याची दारं अशी करायची की उघडल्यावर तीच उजेड अडवतील. कशी ते आता सांगते, हाच या उत्तराचा गाभा आहे.

सरकती दारं तुमच्या भिंतीला चालणार नाहीत. सरकत्या दाराला उघडल्यावर बाजूला जायला तेवढीच जागा लागते आणि तुमच्याकडे बाजूला खिडक्या आहेत. दोन मोठी दारं केली तर प्रत्येक दार सव्वादोन फुटांहून रुंद होईल, उघडताना सासूबाईंना मागे सरावं लागेल. म्हणून घडीची दारं करा: प्रत्येक बाजूला दोन, एकूण चार अरुंद पाट, मध्ये बिजागरीनं जोडलेले. कपाटाची आतली रुंदी 56 इंच धरा, म्हणजे प्रत्येक पाट चौदा इंचांचा होतो. बाजूंच्या फळ्यांसकट बाहेरून साडेसत्तावन्न इंच. तुमच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना दोन इंचांहून थोडी जास्त जागा उरते. ती सोडाच, खिडकीच्या चौकटीला चिकटवू नका. पाट घडी करून उघडले की चौदा इंचांचे दोन पंख टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि खिडक्यांचा उजेड सरळ डोळ्यांवर येत नाही. मात्र त्यांना काटकोनात उभं ठेवू नका, थोडं बाहेरच्या बाजूला कलू द्या, नाहीतर सोफ्यावर कडेला बसणाऱ्याला जवळची कड दिसणार नाही. उजेड तरीही जास्त वाटला तर खिडक्यांच्या खालच्या अर्ध्या भागाला साधे सुती पडदे लावा. खिडक्यांना काचेच्या जागी जुने शिंपले असतील तर ते काढून काच मात्र बसवू नका. शिंपल्यांतून येतो तो उजेड मुळातच मवाळ असतो.

पाटांच्या मध्ये अखंड फळी नको, वेताची जाळी घाला. गोव्यातल्या खुर्च्यांना असते तीच वीण. त्यानं तीन गोष्टी साधतात. कपाट दिसायला तुमच्या घरातलंच वाटतं. आतली हवा हलती राहते. आणि दारं लावलेली असली तरी खालच्या कप्प्यातल्या सेट-टॉप बॉक्सला रिमोटचा किरण बऱ्यापैकी पोचतो, अखंड लाकडातून तो अजिबात जात नाही. जाळीतून काळा पडदा दिसेल का? अगदी जवळ गेलं तर हो. चार फुटांवरून जाळीच दिसते. तरी खुपलं तर जाळीच्या आतून पातळ, फिकट रंगाचं सुती कापड ताणून लावा. खरा वेत पावसात थोडा सैल पडतो आणि दुर्लक्ष केलं तर त्यावर बुरशी येते, हे आधीच सांगून ठेवते. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसायची तयारी असेल तरच खरा वेत घ्या. नसेल तर प्लास्टिकची वीण मिळते. दिसायला ती तितकी चांगली नाही, पण टिकते.

हवेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गोव्यात टीव्हीचं कपाट बिघडतं ते बहुधा याच कारणानं. चालू टीव्ही तापतो, या मापाचा टीव्ही शंभर-दीडशे वॅटपर्यंत वीज खातो आणि त्यातली बरीचशी उष्णतेच्या रूपानं बाहेर पडते. गरम हवा वर जाते, म्हणून कपाटाच्या तळाशी आणि माथ्याशी, दोन्हीकडे लांबट फटी हव्यात, नुसती वर ठेवून भागत नाही. टीव्हीच्या वर आणि बाजूंना चार-चार इंच मोकळे ठेवा. 56 इंच धरायला सांगितले ते याचसाठी, बाजूंना जवळजवळ तेवढी जागा मिळते. आणि टीव्ही चालू असताना दारं बंद करायची नाहीत, आवाज ऐकण्यापुरतीसुद्धा नाही. पावसाळ्यात उलट काळजी घ्यायची. बंद कपाटातली ओल बाहेर जात नाही, आणि बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या आत असावा असं लिहिलेलं असतं. जुलैत आपल्याकडे तो कित्येक दिवस त्याच्या वरच असतो. अशा दिवसांत टीव्ही रोज थोडा वेळ चालू ठेवलेला चांगला. त्याच्या स्वतःच्या उबेनं तो आतून कोरडा राहतो. सासूबाई ते काम करतच आहेत.

कपाटाची पाठ भिंतीला टेकू देऊ नका. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, त्यातून ही राजांगणाकडची. तिथं पागोळ्यांचं पाणी पडतं. गेल्या पावसात त्या भिंतीवर खालून कुठपर्यंत ओलीची रेघ आली होती ते आठवून पाहा, सासूबाईंना नक्की माहीत असेल. पाठीमागे दोन इंचांची फट, खाली सहा इंचांचे पाय, आणि पायांखाली ग्रॅनाइटचे छोटे तुकडे, म्हणजे लादी पुसताना पाणी लाकडात चढत नाही आणि वाळवी वर यायला लागली तर तिची मातीची रेघ दिसते. जमिनीला टेकलेल्या कपाटाखाली वाळवी कधी शिरली ते कळतच नाही.

प्लायवूड घ्याल तर 'बीडब्ल्यूपी' (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) आणि 'आयएस 710' असा शिक्का असलेलं घ्या, शिक्का स्वतः डोळ्यांनी पाहा. 'आयएस 303' स्वस्त पडतं आणि कोरड्या जागी चालतं, या भिंतीशी नको. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांची तयार युनिटं दुकानात देखणी दिसतात, पण त्यांच्या कडा एकदा पाणी प्यायल्या की फुगतात आणि परत बसत नाहीत. प्लायला बाहेरून सनमायका लावलात तर आतूनही काहीतरी लावा, एकाच बाजूनं लावलेली फळी वाकते. कापलेली प्रत्येक कड बंद झाली पाहिजे, न दिसणारीसुद्धा. पाटांच्या चौकटी मात्र सागवानी करा, जाळी ताणून धरायला खरं लाकूडच हवं. फणसाचं जुनं, मुरलेलं लाकूड घरात पडून असेल तर तेही उत्तम. बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

टीव्ही भिंतीला टांगायचा विचार करू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या चिऱ्यांच्या सांध्यात बहुतेक ठिकाणी माती आणि चुना असतो, यंत्रानं ठोकत भोक पाडलं की सांधा भुगा होऊन पडतो आणि पंधरा-अठरा किलोंचा टीव्ही त्या भोकाच्या भरवशावर राहतो. टीव्हीच्या पाठीला स्क्रूची चार भोकं असतात. कपाटातच दोन उभे सागवानी पट्टे तळापासून माथ्यापर्यंत घ्या आणि टीव्ही त्यांना आरपार नटबोल्टनं बसवा, लाकडी स्क्रूनं नव्हे. पाठ अखंड लावू नका, हे पट्टे आणि दोन आडव्या पट्ट्या एवढीच पाठ पुरे. पुढेमागे टीव्ही बदलला तर पट्ट्यांना नवी भोकं पाडली की झालं. कपाट उंच आणि एक फुटाचंच खोल असेल, त्यात पाट पुढे उघडतात, तेव्हा ते पुढे कलू नये म्हणून माथ्याजवळ दोन ठिकाणी भिंतीला बांधून घ्या. त्यासाठी भोक चिऱ्याच्या मधोमध, न ठोकता, हळू फिरवून पाडायचं. नातवंडं सुट्टीत येतात ना, मग हे टाळू नका.

उंचीचं सांगते. टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. खुर्चीवर बसलेल्याची ही रेषा जमिनीपासून चाळीस इंचांच्या आसपास असते, आरामखुर्चीत रेललेल्याची आणखी खाली. सासूबाईंना त्यांच्या खुर्चीत नेहमीसारखं बसवा आणि डोळ्यांची उंची मोजा. ती छत्तीस आली तर टीव्हीचा मध्य अडतीसवर ठेवा, म्हणजे त्यांनाही बरं आणि सोफ्यावरच्यांनाही. टीव्हीच्या खालची कड मग चोवीस इंचांवर येते. तिच्याखाली चार इंच मोकळी जागा सोडा, पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात आणि फळीला चिकटले की कीर्तनातले शब्दच कळत नाहीत. पुढे वेगळा लांबट स्पीकर घेतलात तर तोही तिथंच मावेल. त्याच्या खाली खण करा, पण जास्तीत जास्त दोनच. एकूण उंची पाच फुटांच्या आत राहते आणि माथा मोकळा. त्यावर फुलदाण्या ठेवून वरच्या फटी बंद करू नका.

विजेचं काम लाकडाच्या आधी. बटणं कपाटाच्या मागे नकोत, बाजूला, हात पोचेल अशी. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की टीव्हीची पिन काढायची आणि डिशची वायरही काढायची, वीज त्या वायरमधूनही घरात येते. हे सासूबाईंना वाकल्याशिवाय करता आलं पाहिजे. घराचं अर्थिंग जुनं असेल तर याच निमित्तानं तपासून घ्या.

आणि एक गोष्ट तुम्ही ठरवण्यापूर्वी विचारायलाच हवी: सासूबाईंना हे झाकलेलं हवं आहे का? दिवसातून दोनदा पाट उघडायचे आणि दोनदा मिटायचे, हे त्यांनी करायचं आहे. ज्यांचे हात दुखतात त्यांना छोट्या मुठी धरवत नाहीत. पाटांना बोटं आत घालून ओढता येईल अशी उभी, लांब लाकडी मूठ करून घ्या, त्यांच्या हाताच्या उंचीवर. मिटणं त्रासाचं झालं तर आठ दिवसांत पाट कायमचे उघडे राहतील, आणि मग तुमच्या मनासारखंही होणार नाही आणि त्यांच्याही मनाला लागेल की आपल्यामुळे सुनेचं झालेलं काम वाया गेलं. ऐंशीच्या दशकातल्या टीव्हींना पट्ट्यांचं सरकतं शटर असायचं, आठवतं? संध्याकाळी ते सरकवण्याचा मान घरातल्या एकाकडेच असे. सासूबाईंना तो काळ ठाऊक आहे. त्यांना विचारलंत तर कदाचित त्या आनंदानं हो म्हणतील, पण विचारायला हवं.

काम सांगण्यापूर्वी वर्तमानपत्रं जोडून साडेअठ्ठेचाळीस बाय अठ्ठावीसचा तुकडा कापा आणि त्या भिंतीवर ठरलेल्या उंचीला चिकटवा. चार-पाच दिवस राहू द्या. टीव्ही टेबलासकट तात्पुरता तिथं हलवता आला तर आणखी चांगलं, दुपारच्या कीर्तनाला उजेडाचा त्रास किती होतो ते सासूबाईच सांगतील. त्यांना फार त्रास झाला तर पंखांच्या दारांनीही तो पुरता जाणार नाही, आणि मग मला पुन्हा लिहा, तिसऱ्या भिंतीची मापं पाठवा.

लाकूडकाम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करून घ्या. पाटांच्या मध्ये आणि चौकटीशी तीन मिलिमीटरची फट ठेवायला सांगा. मेस्तांना ती मोठी वाटेल, पण जुलैत लाकूड फुगलं की ती भरून निघते आणि पाट अडकत नाहीत. पॉलिश पावसाच्या आधी पूर्ण झालं पाहिजे, ओल्या हवेत ते पांढुरकं पडतं. आणि मेस्तांचा मान राखून सांगा. त्यांनी कपाट कापायचं सुचवलं ते तुमचे पैसे वाचवायला. शिसवी कपाटाची एखादी सैल बिजागरी किंवा किरकिरणारं दार असेल तर ते नीट करायचं काम याच फेरीत त्यांच्याकडे द्या.